कात्री आणि कालाम

निपाणीत वारा फिरला की तंबाखूचा वास घराघरांत शिरतो. या गल्लीत तो वेगळा असा कुणाला जाणवतच नाही. उंबऱ्याशी बसलेल्या या आजींच्या मांडीवर सूप आहे, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली विडीची तेंदूची पानं. पान किती भिजलंय हे आजी डोळ्यांनी बघत नाहीत. दोन बोटांत धरतात, किंचित वाकवतात. कोरडं राहिलं तर ते फाटतं.

हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

"आईनं सांगितलं हुतं. पर कळलं ते शंभर पानं फाटल्यावर."

त्यांच्या हातातली कात्री नवी आहे. ज्या कात्रीची ही गोष्ट आहे ती जुनी, त्यांच्या आईची.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, निपाणीसकट बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. सीमाभागात त्या १ नोव्हेंबरबद्दल खूप बोललं जातं. आजींच्या घरात आठवण निघते ती १४ ऑक्टोबरची. बाबासाहेब या गावाला नवे नव्हते. १९२५ साली निपाणीत बहिष्कृत समाजाची प्रांतिक परिषद भरली, तेव्हा ते इथं येऊन गेले होते. आजींच्या वडिलांनी धम्म स्वीकारला. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा, सगळं तोंडपाठ केलं.

आणि आजी बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांच्या केसांत जट आली.

जट म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत की गुंततात, तेला-मळानं चिकटतात. पण गुंता दिसला की भावकी म्हणायची, यल्लम्मानं बोलावलंय. मग त्याला कुंकू-भंडारा लागायचा, फणी लावायची बंदी व्हायची आणि गुंता आणखी घट्ट व्हायचा. अशा कितीतरी मुली देवदासी म्हणून देवाला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ सालापासून या प्रथेविरुद्ध कायदा होता, कर्नाटकानं १९८२ साली नवा केला. कायदा घराच्या आत उशिरा पोचतो.

पुढचं आजी सांगत होत्या तेव्हा आम्ही कॅमेरा जरा लांब ठेवला.

"मलाबी तसंच वाटत हुतं," त्या म्हणाल्या. "सपनात यायची देवी. आतनं कोण तरी म्हणायचं, जा."

इथं मी थांबलो. आतला आवाज ऐका, पोथी बाजूला ठेवा, असं आपण सहज बोलून जातो. मीही बोललो आहे. पण बारा वर्षांच्या त्या मुलीच्या आत बोलणारा आवाज तिचा होता कुठं? आजूबाजूच्या दहा माणसांनी जे रोज सांगितलं तेच रात्री स्वप्न होऊन येत होतं.

बुद्धांना हे ठाऊक होतं. कोसल देशात केसपुत्त नावाच्या गावी कालाम लोक राहत. तिथं येणारा प्रत्येक उपदेशक आपलं मत उचलून धरायचा, दुसऱ्याचं तुडवायचा. कालामांनी बुद्धांना विचारलं, यांच्यातला खरा कोण? बुद्ध म्हणाले, तुम्हाला शंका आली हे योग्यच झालं. मग त्यांनी दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या भरवशावर काही स्वीकारू नये. ऐकीव म्हणून नको. परंपरा म्हणून नको. ग्रंथात आहे म्हणून नको. हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही नको.

बरेच जण एवढंच सांगतात. पण त्याच यादीत तर्क आहे, आणि 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति'ही आहे; म्हणजे विचार करता करता जे मत आपल्याला पटून बसलं, ते. बाहेरच्या पोथीइतकंच आपल्या मनात ठाण मांडलेल्या समजुतीलाही बुद्धांनी तपासायला लावलं. मग उरतं काय? 'अत्तनाव जानेय्याथ', तुम्ही स्वतः जाणा. लोभ माणसाच्या हिताचा की अहिताचा, द्वेष, मोह हिताचे की अहिताचे, असं त्यांनी कालामांनाच विचारलं. उत्तरं कालामांनी दिली.

आजींचं उत्तर त्यांच्या मावशीच्या घरात होतं. मावशी जोगतीण. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायची. तिच्या दोन्ही लेकरांना बापाचं नाव नव्हतं. एका दुपारी ती आली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बहिणीला एवढंच म्हणाली, "माझ्याकडं बघ."

त्या रात्री आईनं पानं कापायची कात्री घेतली.

मला वाटलं होतं, हिंमत प्रतिज्ञांनी दिली असेल. तसं मी विचारलंही. आजींनी मान हलवली. वडील प्रतिज्ञा म्हणत होते, आणि तेच दारात उभे राहून थरथरत होते. "त्यास्नी सगळं पाठ हुतं. आईला एक अक्षर येत नव्हतं. पर तिनं मावशीला बघितलेलं." मी हे वडिलांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्या प्रतिज्ञांनी घराचं दार उघडं केलं होतं, एवढं मी मानतो. त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं ते आईनं.

महिनाभर घर भीतीत होतं. कोणी शिंकलं तरी सगळे एकमेकांकडे बघत. काही झालं नाही. स्वप्नंही हळूहळू बंद झाली.

विहारात रोज संध्याकाळी वंदना होते. त्यात धम्माचं एक विशेषण येतं, 'एहिपस्सिको'. ये आणि पाहा. आजी ते साठ वर्षं म्हणतायत. अर्थ त्यांना अलीकडे नातीनं सांगितला. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं सूप पुढं ओढलं.

आता नातीची शाळेची वेळ झालीय. कन्नड माध्यमाची शाळा, दोन वेण्या, लाल रिबिनी. आजी सूप बाजूला सारतात, हात धुतात, पोरीला पुढ्यात बसवतात. मधेच फणी अडते. आजी ओढत नाहीत. बोटाला खोबरेल लावतात आणि टोकापासून एकेक केस सोडवत वर जातात.