तिसऱ्या दिवसाचा पिवळेपणा

[दृश्य : खिडकीपाशी उघडं बाळ. नर्सचं बोट बाळाच्या छातीवर.]

बाळाला कावीळ आहे का, हे पाहायला बोटानं हलकेच दाबायचं आणि बोट उचलायचं. रक्त सरलेल्या ठिपक्यात त्वचेचा खरा रंग क्षणभर दिसतो. दिव्याखाली हा रंग फसवतो, म्हणून बाळ उजेडात आणलंय.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. इजा वाढत नाही, पण हालचाल आणि तोल कायमचा बिघडतो. लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली तिचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. 'जन्मल्यावर रडलं नाही, म्हणून असं झालं,' हे आजही घरोघरी ऐकू येतं. काही वेळा ते खरंही असतं. पुष्कळदा मात्र इजा पोटातच झालेली असते. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला धोका फार. मेंदूतल्या पोकळ्यांलगतचा भाग तेव्हा नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके तिथूनच जातात. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठरतात.

फार चढलेली कावीळ हेही सेरेब्रल पाल्सीचं एक कारण. ती मात्र डोळ्यांदेखत चढते, आणि थांबवता येते. बहुतेक बाळांना थोडी होतेच, ओसरतेही. बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी फुटून रक्तात येणारं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर ते मेंदूत खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात उतरतं. ऐकण्याची यंत्रणाही बिघडवतं. असं मूल सगळं समजत असूनही हात हवा तसा वळवू शकत नाही.

पहिल्या २४ तासांतली कावीळ कधीच साधी समजू नये. एरवी ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढते, आणि तोवर बाळ-बाळंतीण घरी पोचलेली असतात.

[दृश्य : उघडी ट्रंक, जुनी दुपटी, डांबरगोळ्या.]

ही दुपटी बाळाला गुंडाळू नका. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या नुसत्या वाफेनंही फुटतात, आणि कावीळ झपाट्यानं चढते.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यायचं. ते पुढच्या बाळाला अशा काविळीपासून वाचवण्यासाठी.

कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नका. त्यात वेळ जातो. फोटोथेरपीचा निळा प्रकाश, ४६० ते ४९० नॅनोमीटरचा, डोळे झाकून, उघड्या अंगावर तासन्‌तास द्यावा लागतो. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, किरट्या आवाजात रडू लागलं, पाठीची कमान करू लागलं, तर रक्तबदलाची सोय असलेलं रुग्णालय तातडीनं गाठायचं.

[दृश्य : बोट आता तळपायावर.]

पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. तळपाय पिवळे दिसले, तर उजाडायची वाट पाहू नका. रक्त आत्ताच तपासा.