ती पिंपल्सची ट्यूब ठेवा बाजूला

नमस्कार मंडळी. कॅन्सरची टार्गेटेड गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं की बऱ्याच जणांना आठ-पंधरा दिवसांत नाकावर, गालावर, छाती-पाठीवर लाल पुळ्या उठतात, आणि घरातलं कोणीतरी हमखास पिंपल्सची ट्यूब आणून हातात देतं. ती लावू नका, हेच सांगायला आज बसलेय.

त्याचं असंय, एर्लोटिनिब, सेटुक्सिमॅब असली औषधं ईजीएफआर नावाचा सिग्नल अडवतात कारण कॅन्सरच्या पेशी त्याच्यावर वाढतात, पण तोच सिग्नल आपल्या चांगल्या त्वचेला नि केसांच्या मुळांनापण लागतो, मग त्वचा सुजते, पातळ होते, कोरडी ठाक पडते. दिसायला पिंपल्स, पण ते नाहीतच. त्यावर पिंपल्सच्या ट्यूबमधलं बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइडवालं क्रीम चोळलं की नुसती आग आग.

आणि पुळ्या यायची वाट तरी कशाला बघायची? २०१० साली एक अभ्यास छापून आला, पॅनिटुमुमॅब हे याच गटातलं औषध घेणाऱ्या पेशंट्सचा. काही जणांना आधीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन क्रीम आणि डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना त्रास झाल्यावर उपचार. सहा आठवड्यांत मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला तो आधीवाल्यांत २९ टक्के लोकांना आणि नंतरवाल्यांत ६२. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारा. हायड्रोकॉर्टिझोन आणि डॉक्सीसायक्लिन मात्र त्यांनी लिहून दिल्याशिवाय नाही हं. आपल्या हातात काय, तर कोमट पाण्याची अंघोळ, बिनवासाचा सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि उन्हात जाताना एसपीएफ ३०.

सोराफेनिब, रेगोराफेनिब ही दुसऱ्या प्रकारची टार्गेटेड औषधं घेणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तळपायाला जिथे भार पडतो तिथेच जाड, दुखरे फोड. युरियाचं क्रीम, मऊ चपला, आणि जुनी भोवरी असेल तर आधीच दाखवून घ्या.

कंटाळून गुपचूप गोळी बंद करणारे खूप भेटतात, नि वर सांगतात की घेतोय! अहो सांगा ना, डॉक्टर डोस कमी करतात, काही दिवस थांबवतात, पण ते त्यांना ठरवू द्या. पू, ताप, अंगभर फोड, तोंडात जखमा असं काही झालं तर त्याच दिवशी फोन.

हो, आणि ईजीएफआर अडवणाऱ्या औषधांनी पापण्यांचे केस लांब होऊन आत वळतात कधीकधी, डोळ्यात टोचतात. घरी उपटत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.