घड्याळ आणि पंचांग बघून जेवणारं शहर

मंडळी, नमस्कार.

डिसेंबर जवळ आला की परदेशातल्या आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास फिरतो. "संभाजीनगरला चाललोय, कुठं खायचं?" मग कुणीतरी पाच-सहा नावं सांगतं, माणूस जाऊन येतो आणि म्हणतो, "ठीक होतं, विशेष काही नाही." यात दुकानदाराचा दोष क्वचितच असतो. जेवणं आटोपल्यावर साडेचारला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा पातळ रस्सा, मागितला किंवा मार्चात हुरडा शोधला, की दुसरं काय होणार? आपल्याकडं 'कुठं'च्या आधी 'कधी' विचारावं लागतं. म्हणून आज पत्ते कमी, वेळा जास्त.

आधी नान-खलिया. मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या पंगतीसाठी हा पदार्थ निघाला, असं शहरात सांगतात. पुरावा कुणी मागत नाही, पण पदार्थाची घडण खरंच लष्करी आहे. नान भट्टीत आधीच शेकड्यांनी भाजून ठेवता येतात, खलिया एकाच देगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, शिजतो आणि दोघांची भेट थेट ताटात होते.

हा नान म्हणजे पंजाबी हॉटेलातला बटर लावलेला नान नव्हे. मैदा खमीर घालून फुगवतात, तंदूरच्या भिंतीला चिकटवतात आणि वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात. त्यानं तो पिवळसर तांबूस दिसतो आणि किंचित गोड लागतो. गार झाला की चिवट होतो. नुसता खाणारे इथंच फसतात. तुकडे मोडून रश्शात टाकायचे आणि दोन मिनिटं हात आवरायचा. नानानं रस्सा प्यायला पाहिजे.

सिटी चौक, बुढ्ढीलेन, शहागंज, रोशनगेट या पट्ट्यात कुठंही विचारा. बसल्याबरोबर प्रश्न येईल, "छोटे का या बडे का?" छोट्याचं म्हणजे बकऱ्याचं, बड्याचं म्हणजे म्हशीचं. ज्याला जे चालतं ते त्यानं आधीच स्पष्ट सांगावं, नंतर संकोच नको. तर्री सोसत नसेल तर तीही कमी मागून घ्यावी. देग उघडल्यावर पहिल्या तासाभरात गेलात तर उत्तम. तर्री वर तरंगते आणि वाढणाऱ्याचा पळा वरूनच भरतो, त्यामुळं शेवटच्या गिऱ्हाइकाला खालचा दाट गाळ मिळतो. कोंबडीचा खलिया मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाडाचा रस उतरल्याशिवाय त्या रश्शाला अंगच येत नाही.

इथं परदेशात घरी खलिया करायचा असेल तर एक किलो मटणाला अर्धा किलो कांदा, शंभर ग्रॅम सुकं खोबरं, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, दोन मोठे चमचे तीळ असा हिशेब धरा. सगळं वेगवेगळं भाजून वाटायचं, मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा आणि मग कढत पाणी घालायचं, साधारण दोन लिटर. इथल्या स्वयंपाकघरांत दोन चुका नेहमी होतात. मसाला परतून कंटाळा आला की लोक नळाचं गार पाणी ओततात आणि तर्री वर येत नाही. नाहीतर वाटण इतकं घट्ट ठेवतात की खलियाचा कुर्मा होतो. खलिया पातळच हवा, नान भिजायचा आहे त्यात. वाटणात खसखसही घालतात, पण दुबई आणि सिंगापूरच्या मंडळींनी ती गावाहून आणायच्या भानगडीत पडू नये. तिथं खसखस नेणं गुन्हा आहे.

गोडासाठी गुलमंडी. गाडी आत न्यायची नाही. पैठणगेट किंवा निराला बाजारकडं लावा आणि चालत जा, रस्त्यात सुपारी हनुमान लागेलच. मागायची ती इमरती. जिलबी आंबवलेल्या मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची, म्हणून तिला आंबटपणा नसतो. भिजवलेली डाळ वाटून इतकी फेसतात की पिठाचा ठिपका वाटीभर पाण्यात टाकला तर तो तरंगतो. बुडाला तर समजायचं, इमरती आतून कच्ची आणि बाहेरून दगड होणार. कढईसमोर उभं राहून गरम खायची. डब्यात भरून घरी नेलेली इमरती दोन तासांत पाक शोषून मऊ पडते, पाहुण्यांना ती जिलबीच वाटते.

जेवणानंतरचं पान उस्मानपुऱ्यात, तारा पान सेंटरवर. रात्री गर्दी असते, पण रांग भराभर सरकते.

आता हुरडा. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांसाठी खरं शहर शहराच्या बाहेर आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. दाण्यातलं दूध घट्ट होऊन तो मऊ, हिरवा असतो तेव्हाच हुरडा. एका शेतात ही अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. त्यामुळं दौलताबाद, पैठण, जालना, सगळ्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे फलक दिसले तरी फोन करून दोनच प्रश्न विचारा: कणीस तुमच्या शेतातलं आहे की बाहेरून आणलेलं, आणि आज कापलंय की काल? कालचा दाणा चरबट लागतो. वाण विचारायचाच असेल तर जुन्यांत गुळभेंडी, नव्यांत परभणी कृषी विद्यापीठाचा परभणी वसंत. माणशी चार-पाच कणसं पुरतात.

आगटी म्हणजे वीतभर खोल खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या. जाळ पूर्ण बसला आणि निखाऱ्यांवर राख धरली की कणसं दांड्याला धरून त्यात खुपसायची, फिरवत राहायची, तीन-चार मिनिटांत काढायची. शहरातले उत्साही लोक जाळावरच कणीस धरतात. मग कोंडा जळतो, दाणा आत कच्चा राहतो आणि तोंडाला काजळी येते. काढलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर किंवा पोत्यावर चोळायचं. गार झालं की कोंडा दाण्याला घट्ट धरून बसतो. सुपात एक फुंकर, की हुरडा तयार. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. वर पोटभर पाणी पिऊ नका, ताक प्या. लहान मुलांना हात आवरायला सांगा, कारण हुरडा पोटात फुगतो आणि परतीचा रस्ता लांब असतो.

वेरूळ जोडून करणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद. सकाळी लेणी आणि दुपारी हुरडा हा क्रम ठेवा. उलटं केलंत तर कैलास लेण्याच्या पायरीवरच झोप लागेल.

सणांचंही असंच. कर्णपुऱ्याची यात्रा नवरात्रातली, छावणीजवळ. शेवटच्या दोन-तीन दिवसांत लहान मुलं घेऊन जाऊ नये. पहिल्या चार माळांत पाळणेही मिळतात आणि गरम भजीही. गणेश विसर्जनाची मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते, तेव्हा त्या दिवशी जुन्या शहरात गाडीचा विचारही नको. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक रात्रभर चालत जातात. वाटेत चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी आग्रहानं हातात ठेवतात, नाही म्हणू नये. 14 जानेवारीला शहरातल्या मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर मराठवाडाभरातून माणसं येतात. 1994 साली याच दिवशी नामविस्तार होऊन विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. तिथं खाण्यापेक्षा पुस्तकांच्या स्टॉलसाठी पिशवी रिकामी न्या. बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांतही असते, म्हणजे घरी तिळगूळ आणि बाजरीची भाकरी वाट बघत असणार.

मराठवाड्याचं घरगुती जेवण कुठल्या हॉटेलात मिळेल, हेही विचारतात. भोज हॉटेलची थाळी चांगली आहे, पण ती राजस्थानी-गुजराती. आपली येसर आमटी हॉटेलात शोधू नका, लग्नाच्या पंगतीत शोधा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले दळून केलेली कोरडी पूड. हवाबंद बरणीत महिनोन्‌महिने टिकते, आणि परत येताना बॅगेत आणण्यासारखी हीच एक चीज आहे. आमटी करताना पूड आधी गार पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात थेट टाकली तर गुठळ्या होतात.

राहता राहिला रमजान. संध्याकाळी हलीम, इफ्तारनंतर शहागंज ते रोशनगेट रात्रभर जाग आणि पहाटे निहारी, म्हणजे रात्रभर शिजवलेला मांसाचा रस्सा. हलीम गहू, डाळी आणि मटण सहा-सात तास घोटून होतो. चमचा उलटा केला तर तो सावकाश ओघळला पाहिजे. पाण्यासारखा पडला तर पुढच्या दुकानात जा. रोजा सोडायच्या आधी अर्धा तास फार गर्दी असते. रोजा नसणाऱ्यांनी तेवढा वेळ बाजूला थांबावं, ही साधी रीत आहे.

सुट्टीच्या दिवसांत रमजान येत नाही, अशी तक्रार असते. पण तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, 2029 मध्ये जानेवारीच्या मध्याला. 2030 मध्ये तर दोनदा: एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एखादा दिवस मागं-पुढं चंद्रदर्शनावर. म्हणजे दुपारी आगटीवर हुरडा आणि त्याच रात्री शहागंजात हलीम. तिकिटांचा विचार त्या हिशेबानं करा, आणि ताक विसरू नका.