तिकीटबुकात न मावणारं संग्रहालय

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉलमध्ये आपलं वस्तुसंग्रहालय आहे. १९४५-४६ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, त्यात सापडलेल्या वस्तूंमुळे ते उभं राहिलं. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती तिथलीच. उंची वीतभरसुद्धा नाही, पण पंचगंगेकाठचं हे गाव सातवाहन काळात रोमन जगाशी जोडलेलं होतं, याचा हा पुरावा.

आता मला सांगा, या मूर्तीपुढे माणूस किती वेळ थांबतो? पाटी वाचतो, की सहलीच्या रांगेत ढकलला जाऊन पुढं सरकतो? तिकीटबुक हे सांगत नाही. तरीही संग्रहालय कसं चाललंय असं विचारलं, की उत्तर येतं ते तिकिटांच्या आकड्यात. उन्हाळी सुट्टी आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी यांनी तो आकडा फुगतो. त्यात संग्रहालयाचं कर्तृत्व किती, देव जाणे!

हे मोजता येतं, आणि त्याला फार यंत्रं लागत नाहीत. बोस्टनच्या संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली खालच्या कपाटातली वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं, याचे चक्क फोटो छापले. १९२८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन यांचा अभ्यास आला. त्यात निरीक्षकांनी घड्याळ लावून प्रेक्षक कुठं किती थांबतात ते टिपलं होतं. पुढं अशा कामाला पैसाही मिळू लागला. अमेरिकेत संग्रहालयं आणि ग्रंथालयं यांच्यासाठी १९९६ पासून एक केंद्रीय संस्था आहे, ती संशोधनालाही अनुदान देते.

आपल्याकडे अनुदानाचा प्रस्ताव म्हटला की इमारत, काचेची कपाटं, दिवे, आणि हल्ली टचस्क्रीन. त्याचं उद्घाटन करता येतं ना! मोजणीची फीत कोण कापणार?

माझं म्हणणं, टचस्क्रीनआधी शिवाजी विद्यापीठातल्या इतिहास आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती द्या. प्रेक्षकांचं निरीक्षण त्यांनी करावंच, शिवाय दालनातली आर्द्रताही रोज नोंदवावी. कोल्हापूरचा पावसाळा कांस्याला मानवत नाही. दमट हवेत धातूतले क्षार जागे होतात आणि हिरवी भुकटी धरते. ती एकदा धरली की मूर्ती आतून खात जाते. वस्तू टिकते का, हा गुणवत्तेचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर जूनमध्ये नोंदवही उघडल्याशिवाय मिळणार नाही.