बारनिशीची पोच

नमस्कार श्रोतेहो.

महसूल खात्यात मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीची दोन वर्षं बारनिशीला होते. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी बारनिशीच्या टेबलावर येतो, त्यावर शिक्का बसतो, आवक क्रमांक आणि तारीख पडते, आणि मग तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे जातो. सरकारी कामकाज सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर आज बोलायचं आहे, आणि मला ते या टेबलापासूनच सांगता येतं.

जून महिना होता. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, व्हरांड्यात दाखल्यांची रांग. रोजंदारीवर जाणारे एक गृहस्थ मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आले होते. पहिल्या खेपेला त्यांना सांगितलं गेलं, घराण्याचा जुना पुरावा आणा. दुसऱ्या खेपेला, प्रतिज्ञापत्र राहिलंय. तिसऱ्या खेपेला, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. हे शेवटचं वाक्य माझं होतं. ते काही बोलले नाहीत. कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले, एसटी किती वाजता आहे ते विचारलं आणि गेले.

संध्याकाळी आवक नोंदवही बंद करताना माझ्या लक्षात आलं, की या वहीत तो माणूस कुठेच नाही. तीन हेलपाटे झाले, तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि कचेरीच्या लेखी तो कधी आलाच नव्हता. महिन्याच्या गोषवाऱ्यात आमची प्रलंबित प्रकरणं कमीच दिसणार होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

अर्ज नाकारला तर माणूस दाद मागू शकतो. अर्ज घेतलाच नाही, तर त्यानं कशावर दाद मागायची?

2015 साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला. देशात असा पहिला कायदा 2010 मध्ये मध्य प्रदेशानं केला होता. आपल्या कायद्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे आणि ती सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारीही ठरलेला आहे. काम मुदतीत झालं नाही किंवा नाकारलं गेलं, तर पहिलं आणि दुसरं अपील वरच्या अधिकाऱ्यांकडे, तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी ठरणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. चर्चा होते ती या दंडाची. मला विचाराल तर या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पोच आहे. अर्ज दिला की त्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि कामाची मुदत लिहिलेली पोच अर्जदाराच्या हातात पडली पाहिजे. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं. ज्याच्या हातात पोच आहे, त्याला 'तुम्ही आलाच नव्हता' असं कुणी म्हणू शकत नाही.

आता यातली मेख सांगते. मुदतीचे दिवस मोजायचे ते सगळी आवश्यक कागदपत्रं मिळाल्या दिवसापासून. अट रास्त आहे, अपुऱ्या कागदांवर दाखला देता येत नाही. पण कचेरीत 'त्रुटी' हा शब्द किती कामं करतो ते मी जवळून पाहिलंय. अर्ज दोन आठवडे तसाच पडून राहतो आणि मुदत संपत आली की त्रुटी निघते. ती पुरी केली की दुसरी निघते. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज भरला की क्रमांक आपोआप पडतो, 'उद्या या' म्हणायला जागा उरत नाही. हा मोठा फरक आहे, तो मला मान्य आहे. त्रुटीची खोड मात्र कागदावरून स्क्रीनवर आली. सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी, आणि अर्ज आल्यापासून दोन-तीन दिवसांत कळवायच्या, एवढं जरी काटेकोर पाळलं तरी कितीतरी माणसांचं एसटीचं भाडं वाचेल. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

दाखला अडतो कुठे? इतर मागास प्रवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. म्हणजे आजच्या मुलीच्या प्रवेशासाठी तिच्या आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा हवा. पणजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीकडे जायचं. ती वही अभिलेख कक्षात, लाल कापडाच्या रुमालात बांधलेली, पुष्कळदा मोडीत लिहिलेली. ती सापडली तर दाखला, नाही सापडली तर मुलीचं वर्ष टांगणीला. म्हणून मी म्हणते, पुढची खिडकी कितीही चकचकीत करा, मागचं दफ्तर लावलेलं नसेल तर त्या खिडकीतून काही मिळत नाही.

पुढची खिडकी सुधारण्याचं काम आपल्यासारख्या इतर देशांतही झालंय. ब्राझीलच्या बाहिया राज्यानं 1995 मध्ये आणि साओ पाउलोनं त्यानंतर दोनेक वर्षांत निरनिराळ्या खात्यांच्या सेवा एका छताखाली आणल्या. दक्षिण आफ्रिकेनं 1997 मध्ये सरकारी सेवांचं धोरण ठरवलं आणि त्याला नाव दिलं 'बाथो पेले', म्हणजे आधी माणसं. नाव मला फार आवडतं.

आपल्याकडे मागच्या दफ्तराचा विचार फार आधी झाला होता. 1980 च्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी आणि कागद ठेवण्याची पद्धतच बदलली, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. आम्हाला नोकरीत शिकवली गेलेली सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला सांगते. चालू प्रकरणं बैठकीवर. ज्यांच्या उत्तराची वाट पाहतोय ती प्रतीक्षेत. नियतकालिकं, म्हणजे ठरावीक काळानं वर पाठवायची विवरणं, वेगळी. स्थायी आदेशांची संचिका वेगळी. निकाली निघालेली, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी आणि नष्ट करायची वेगळी. अभिलेखाचेही वर्ग ठरलेले: 'अ' कायम जपायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा. ऐकायला रुक्ष वाटेल, पण टेबलाशी उभ्या माणसाला 'तुमचा कागद इथे आहे' असं सांगता येणं याच्यावरच अवलंबून असतं.

हे टिकत का नाही? आमच्या कचेरीत एक साहेब आले, त्यांनी दर शनिवारी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये बसून गठ्ठे लावून घेतले. दीड वर्षात त्यांची बदली झाली. सहा महिन्यांत सहा गठ्ठ्यांचा पुन्हा एक ढीग झाला. 2005 च्या बदल्यांच्या आणि दफ्तर दिरंगाईच्या कायद्यात नेमणुकीचा साधारण काळ तीन वर्षं धरलाय, आणि फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवायची नाही असंही त्यात लिहिलंय. त्यातल्या दिरंगाईच्या भागावर आम्ही बोट ठेवतो, तीन वर्षांच्या भागावर कुणी ठेवत नाही. साहेब टिकत नसतील तर पद्धत कारकुनांच्या हातात मुरली पाहिजे, आणि त्यासाठी कारकून हवेत. तीन सजे, म्हणजे तीन तलाठ्यांच्या वाटची गावं, एकट्यानं सांभाळणाऱ्या तलाठ्याकडून कसली अपेक्षा करायची? रिकाम्या जागा भरणं ही सुधारणाच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी आधी त्यांचा अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, पोच दिली. मग शिपाईमामांना घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेले. डांबरगोळ्यांचा वास, खालच्या फळीला लागलेली वाळवी. वरच्या फळीवरच्या एका रुमालाला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती. त्यांच्या गावाचं नाव, सालं, आणि बाजूला निळ्या शाईत कुणाची तरी बारीक सही. माझ्या आधीच्या कुणा कारकुनानं ती बांधून ठेवली होती. कोण ते मला आजवर कळलेलं नाही. रुमाल सोडला. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना बोलावून घेतलं. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं, आणि त्यांनी मुलीच्या पणजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं.