दगड पहिल्याच पानावर असतात

मंडळी, आपल्याकडे कुणाला अचानक घबाड मिळालं की आपण म्हणतो, 'लॉटरी लागली'. अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' ही कथा वाचायला घेताना हाच अर्थ मनात असतो. जॅक्सनबाईंना तेच हवं आहे. कुणाला काय लागणार, एवढ्या एका प्रश्नावर त्या आपल्याला शेवटपर्यंत नेतात.

ही कथा 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाच्या २६ जून १९४८च्या अंकात आली. कथेतली तारीख आहे २७ जून. गाव तीनशेएक वस्तीचं. लख्ख ऊन पडलंय, फुलं फुललीत. टपाल कचेरी आणि बँक यांच्यामधल्या चौकात दहाच्या सुमाराला लोक जमू लागतात. दोन तासांच्या आत सगळं आटपेल आणि दुपारच्या जेवणाला घरी जाता येईल, हेही पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलंय.

आता दुसरा परिच्छेद. शाळेला नुकतीच सुट्टी लागलेली मुलं आधी येऊन पोचलीत. बॉबी मार्टिननं खिसे दगडांनी भरलेत. त्याचं बघून बाकीचेही गुळगुळीत, गोल दगड वेचतात. तिघं मिळून कोपऱ्यात मोठा ढीग रचतात आणि दुसऱ्या मुलांनी पळवू नयेत म्हणून राखत बसतात.

इथे जरा थांबू या. उत्कंठा वाढवायची म्हणजे हुकमाचं पान शेवटपर्यंत दडवायचं, असं आपण धरून चालतो. या बाईंनी ते पान सुरुवातीलाच उघडं टाकलंय. फक्त मुलांच्या हातात दिलंय. पोरं आहेत, दगड गोळा करणारच, असं म्हणून आपण पुढे जातो. मीही गेले होते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पेन्सिल घेऊन बसले आणि दगडांचा उल्लेख आला की खूण करत गेले. पुरुष येतात, पाऊस, पेरणी, ट्रॅक्टर, कर यांच्या गप्पा मारतात, पण उभे राहतात ते त्या ढिगापासून लांब. थट्टामस्करी चालते, तीही हळू आवाजात. कुणी मोठ्यानं हसत नाही. बॉबीची आई त्याला धरायला जाते, तर तो निसटून हसत पुन्हा ढिगाकडेच पळतो. मग दगड दिसेनासे होतात. काळी पेटी येते, चिठ्ठ्या येतात, एकेका घराचं नाव पुकारलं जातं, आणि आपलं लक्ष तिकडे लागतं. काळ्या पेटीवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय, त्यात मी आज शिरत नाही.

नियम असा, की सगळ्यांचं होईपर्यंत चिठ्ठी उघडायची नाही. ते घडी घातलेले लहानसे कागद पुरुष आपल्या मोठ्या हातांत पुन्हापुन्हा फिरवत राहतात. बक्षिसाची वाट बघणारा माणूस कागद असा धरत नाही. भीती हा शब्द कुठेच लिहिलेला नाही, ती त्या हातांत आहे.

आता टेसी हचिन्सन. ही धावत, उशिरा येते, एप्रनला हात पुसत. आजचा दिवसच विसरले होते, म्हणते. शेजारच्या मिसेस डेलाक्रॉयबरोबर हसते. भांडी तशीच टाकून आले असते का, असं विचारते, तेव्हा लोकही हसतात. मला ती तिथेच आवडली होती. पुढे चिठ्ठी तिच्या घराला लागते, म्हणजे आता त्या घरातल्या एकेकानं चिठ्ठी काढायची, आणि ती ओरडते, माझ्या नवऱ्याला पुरेसा वेळ दिला नाही, हे बरोबर नाही. काही वाचकांना यात प्रथेविरुद्धचं बंड दिसतं. मला ते पटत नाही. ही प्रथा बंद करा, असं टेसी एकदाही म्हणत नाही. थोड्याच वेळापूर्वी 'जा ना पुढे, बिल' म्हणून नवऱ्याला तिनंच पाठवलं होतं. आता ती म्हणते, लग्न झालेल्या मुलीला आणि जावयालाही सोडतीत धरा. म्हणजे चिठ्ठ्या वाढतील, आपली पाळी येण्याची शक्यता कमी होईल. एक आई हे बोलते. मला वाटतं, कथेतली सगळ्यात भयंकर जागा ही आहे, आणि तोवर एकही दगड उचललेला नाही.

शेवटी उचलतात, चिठ्ठी लागलेल्या माणसाला मारायला. 'लवकर आटपू या' एवढंच सोडत काढणारे मिस्टर समर्स म्हणतात. टेसीबरोबर हसलेली मिसेस डेलाक्रॉय इतका मोठा दगड निवडते की तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो. तिच्या मनात काय चाललंय, यावर एक अक्षर नाही.

त्या उन्हाळ्यात जॅक्सनबाईंना तीनशेहून जास्त पत्रं आली. कुणी गोंधळून गेलं होतं, कुणी शिव्या घातल्या होत्या. काहींनी मात्र विचारलं होतं, अशी लॉटरी कुठे असते, बघायला येता येईल का?

हचिन्सनांचा धाकटा डेव्ही इतका लहान आहे, की चिठ्ठी काढायला आणि उघडायला त्याला मोठ्यांची मदत लागते. ती कोरी निघते, तेव्हा साऱ्या गर्दीतून सुटकेचा निःश्वास येतो. तो खरा आहे, त्या लोकांना पोराची काळजी होती. मग काळा ठिपका टेसीच्या कागदावर निघतो, माणसं ढिगाकडे वळतात, आणि कुणीतरी छोट्या डेव्हीच्या हातातही चार बारके खडे देतं. कुणी दिले, ते लिहिलेलं नाही.