जेम सुलतान: परत येऊ नये म्हणून ज्याचे पैसे भरले गेले

फ्रान्समधलं बुर्गनफ नावाचं छोटं गाव, आणि गावात हा उंच गोल दगडी बुरूज. इथले लोक याला अजूनही झिझिमचा बुरूज म्हणतात. झिझिम म्हणजे जेम, इस्तंबूल जिंकणाऱ्या मेहमदचा धाकटा मुलगा. आता तुर्कांचा राजपुत्र फ्रान्सच्या खेडेगावात काय करत होता?

भाऊबंदकी, दुसरं काय.

१४८१ च्या मे महिन्यात मेहमद गेला. थोरला बायझिद अमास्याला सुभेदार, धाकटा जेम कोन्याला, आणि मेहमदच्या कायद्यानं गादीवर बसणाऱ्याला भावांना मारायची मुभाच दिलेली, म्हणजे जो आधी इस्तंबूलला पोचेल तो जगेल. वजीर जेमच्या बाजूचा होता, त्यानं गुपचूप निरोप धाडला पण निरोप्या वाटेतच पकडला गेला, आणि जानिसारी म्हणजे सुलतानाच्या खास पायदळ सैन्यानं वजिरालाच मारून टाकलं. बायझिद सुलतान झाला.

जेम तेव्हा २१ वर्षांचा. त्यानं बुर्सा घेतलं, स्वतःच्या नावानं खुतबा (मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, त्यात राज्यकर्त्याचं नाव घेतात) वाचवला, चांदीची नाणी पाडली. अठरा दिवसांचं राज्य! भावाला म्हणाला, वाटणी करू, युरोप तुझा, अनातोलिया (तुर्कस्तानचा आशियातला भाग) माझा. निरोप घेऊन कोण गेलं, तर त्यांची म्हातारी आजी, म्हणजे आजोबांची बहीण. बायझिदनं साफ नाही म्हटलं. जूनमध्ये येनिशेहिरला लढाई झाली, जेम हरला आणि बायकापोरांसकट थेट कैरोला पळाला, तिथून मक्केला. (गादीवरच्या एकाही उस्मानी (ऑटोमन) सुलतानानं कधी हज केलं नाही, या हरलेल्यानं मात्र केलं.)

पुढच्या वर्षी परत एक ट्राय मारला, तोही फसला. मग १४८२ च्या जुलैत तो ऱ्होड्स बेटावर सेंट जॉनच्या नाइट्सकडे, म्हणजे ख्रिस्ती लढवय्या साधूंकडे गेला, मदत मिळेल म्हणून. खरी चूक इथे झाली. नाइट्सनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतलं आणि बायझिदशी डील केली, वर्षाला सुमारे ४० हजार डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, बदल्यात याला सोडायचं नाही. म्हणजे भावाचा खर्च भाऊच भरतोय, फक्त तो घरी येऊ नये म्हणून! त्याच सुमारास जेमच्या लहान मुलाला, ओगुझला, बायझिदच्या हुकमानं मारलं.

नाइट्सनी त्याला फ्रान्सला नेलं, या बुरुजात ठेवलं, १४८९ मध्ये पोपनं रोमला नेलं. सगळ्यांना हवा होता, कारण जेम हातात असेपर्यंत बायझिद युरोपवर मोठा हल्ला करायला कचरायचा. १४९२ ला तर बायझिदनं पोपला येशूच्या कुशीत खुपसला म्हणतात त्या भाल्याचं टोकच भेट पाठवलं. आणि जेम? तो कविता लिहीत होता, तुर्कीत आणि फारसीत.

१४९५ मध्ये फ्रान्सचा राजा चार्ल्स त्याला रोमहून घेऊन निघाला आणि फेब्रुवारीत नेपल्समध्ये जेम वारला. पस्तिशीत. विषप्रयोगाची कुजबुज लगेच सुरू झाली, पुरावा कुणाकडेच नाही.

मृतदेह परत यायलाच चार वर्षं लागली. बुर्सालाच पुरलं त्याला, जिथे अठरा दिवस सुलतान होता तिथेच, त्याच्या दुसऱ्या थोरल्या भावाच्या, मुस्तफाच्या कबरीशेजारी. मुस्तफा वडिलांच्या हयातीतच गेला होता, आणि त्याच्या जागी जेमला कोन्याला पाठवलं होतं.